स्वयंपाकघरात रडलेला भीम

मागच्या अंकातील या सदरात मुलांच्या मोबाइलवरील कार्टूनविषयी एका वाचकाला थोडक्यात उत्तर दिले होते. त्यानंतर आलेल्या पत्रांत 'किती वेळ दाखवावे' हा प्रश्न फारसा नाहीच. या कार्टूनमधून आणि ॲनिमेशनपटांतून पुरुष म्हणजे कसा असतो असे दाखवले जाते आणि आपले मुलगे त्यातून काय उचलतात, असे बहुतेकांनी विचारले आहे. मी तालुक्याच्या गावी २६ वर्षे शाळेत मराठी शिकवले आणि नोकरीच्या उत्तरार्धात वाचनालयाच्या खोलीत दर रविवारी मुलांना चित्रपट दाखवले, त्यामुळे हा प्रश्न माझ्याही जवळचा आहे. पाच पत्रांना येथे उत्तरे देत आहे. पत्रलेखकांच्या इच्छेनुसार त्यांची नावे दिलेली नाहीत.

प्रश्न : माझा मुलगा सात वर्षांचा आहे. दिवाळीत त्याने मामाच्या मोबाइलवर 'द लायन किंग' हिंदीत पाहिला आणि सिंहाच्या छाव्याचा बाप मरतो त्या ठिकाणी तो हुंदके देऊन रडला. घरात सासरे आणि दीर बसले होते. "पोट्टा असून पोरीसारखा काऊन रडून राह्यला बे?" असे म्हणून सगळे हसले. तेव्हापासून कार्टूनमध्ये दुःखाचा प्रसंग आला की तो उठून बाहेर जातो किंवा उगाच मोठ्याने हसतो. असे चित्रपट दाखवणे बंद करावे का?
एक आई, दारव्हा तालुका, जि. यवतमाळ

उत्तर : ताई, चित्रपट बंद करण्याची गरज नाही. तुमच्या मुलाला त्या दिवशी जो धडा मिळाला तो पडद्यावरून आलेला नव्हता, तो खोलीतल्या हसण्यातून आला होता. माझ्या रविवारच्या अनुभवावरून सांगते, पुरुष कसा असावा हे मुले नायकाच्या दंडांवरून जेवढे शिकतात त्याहून कितीतरी अधिक, कोणाला कोणत्या गोष्टीसाठी हसले जाते यावरून शिकतात. चित्रपट एखाद्याला हसला की मुले ते टिपतात. आपल्या घरातली मोठी माणसे हसली तर ते मनात घर करून राहते.

आता त्या चित्रपटात खरोखर काय आहे ते पाहू. १९९४ साली आलेला मूळ चित्रपट हाताने रेखाटलेला होता. २०१९ साली तो संगणकाच्या साहाय्याने नव्याने केला गेला आणि त्याच्या हिंदी आवृत्तीत मुफासाला शाहरुख खान यांचा आवाज असल्याने आपल्याकडच्या पुष्कळ मुलांपर्यंत तो पोहोचला. मुफासा राजा आहे आणि त्याची गर्जना ऐकून तरस पळतात, तरीही त्याचा सर्वांत मोलाचा प्रसंग गर्जनेचा नाही. छावा सिंबा सांगितलेले न ऐकता हत्तींच्या हाडांच्या जागी जातो, तरसांच्या तावडीत सापडतो, बाप त्याला सोडवतो आणि मग रात्री गवतात त्याला एकट्याला जवळ घेऊन बोलतो. मला तुमच्यासारखे शूर व्हायचे होते, असे छावा म्हणतो. गरज पडते तेव्हाच मी शूर होतो, असे बाप सांगतो. तुम्हाला तर कशाचीच भीती वाटत नाही, असे छाव्याने म्हटल्यावर तो उत्तर देतो की आज वाटली होती, कारण तू हातचा जाशील असे वाटले होते. एवढा बलवान राजा आपल्या मुलाजवळ भीती कबूल करतो आणि चित्रपट त्याची थट्टा करत नाही. मारामारीच्या आवाजात हा प्रसंग मोठ्यांच्या ध्यानातही राहत नाही, मुलांच्या मात्र राहतो. आमच्या वाचनालयात एका मुलाने मला विचारले होते की माझा बाप कधी भ्याला असेल का.

पुढे बाप मरतो तेव्हा सिंबा त्याच्या निश्चल पंजाखाली शिरून रडतो, आणि त्याला रडू दिले जाते. तुम्ही लिहिता की मुलगा आता दुःखाच्या वेळी उठून जातो. ताई, सिंबाही तेच करतो. काका त्याच्यावर दोष टाकून त्याला पळून जायला सांगतो, तो दूर जाऊन चिंता विसरण्याचे गाणे शिकतो, हसतो, खातो, मोठा होतो, आणि तरीही ते दुःख जागच्या जागी राहते. माघारी फिरून त्याला सामोरे जाईपर्यंत त्याची सुटका होत नाही. तेव्हा हाच चित्रपट मुलाबरोबर पुन्हा पाहा आणि तो प्रसंग आला की त्याला काही विचारू नका, फक्त त्याच्या जवळ बसा. तुमचे डोळे भरून आले तर पुसण्याची घाई करू नका.

सासऱ्यांना मुलासमोर चूक दाखवू नका. त्यांच्या मनात वाईट नव्हते, आणि लहानपणी त्यांनाही कोणी असेच बोलले असणार. त्यांना वेगळ्या वेळी विचारा की घरातला जुना बैल गेला तेव्हा काय झाले होते. माझ्या माहेरी असा बैल गेला त्या दिवशी चूल पेटली नव्हती, आणि माझे वडील गोठ्यात आमच्याकडे पाठ करून बराच वेळ उभे होते. आम्हा भावंडांना त्यांची पाठ तेवढी दिसली. त्यांनी तोंड आमच्याकडे फिरवले असते तर माझ्या भावाला पुढच्या आयुष्यात काही गोष्टी सोप्या गेल्या असत्या, असे मला आजही वाटते. तुमचा जिल्हा कोणत्या दुःखातून गेला आहे हे मी तुम्हाला सांगायला नको. शेतकऱ्यांच्या त्या मृत्यूंची मुळे कर्जात, नापिकीत आणि पडलेल्या भावात आहेत आणि रडून ती उपटली जात नाहीत, हे मी जाणते. परंतु ज्या भागातील इतक्या पुरुषांनी आपला भार घरात कोणाजवळही बोलून दाखवला नाही, त्या भागात सात वर्षांच्या मुलाने मोकळेपणाने रडणे ही जपण्याची गोष्ट आहे.

प्रश्न : आमच्या काळी मुलांसमोर भीम, हनुमान असे बलवान आदर्श होते. माझा नातू जपानी कार्टून पाहतो. त्यातला चष्मेवाला पोट्टा सतत मार खातो, रडतो आणि मदतीसाठी मांजरासारख्या यंत्राकडे धावतो. असे नायक पाहून मुले बुळी होणार नाहीत का? नातवाला फक्त देशी, शौर्याची कार्टून दाखवावीत असे माझे मत आहे.
एक आजोबा, अचलपूर तालुका, जि. अमरावती

उत्तर : आबाजी, मुलांना भीम आणि हनुमान ठाऊक असावेत, याबाबत माझे तुमच्याशी पूर्ण एकमत आहे. माझी तक्रार अशी आहे की कार्टूनमधून त्यांना अर्धाच भीम मिळतो.

तुमच्या तालुक्याला लागूनच चिखलदरा आहे. भीमाने कीचकाला मारून ज्या दरीत फेकले ती कीचकदरी, आणि त्यावरूनच गावाचे नाव पडले, असे आपण लहानपणापासून ऐकत आलो. त्या वेळी भीम विराटाच्या घरी काय करत होता, हे नातवाला सांगून पाहा. तो बल्लव या नावाने स्वयंपाकी म्हणून राहिला होता. त्याचा भाऊ अर्जुन बृहन्नडा होऊन राजकन्या उत्तरेला नृत्य शिकवत होता. कीचकाने छळलेली द्रौपदी रात्री भीमाकडे आली ती त्या पाकशाळेतच, आणि चंदन उगाळून घट्टे पडलेले तिचे हात पाहून भीमाने ते आपल्या तोंडाशी नेले आणि तो रडला, असे विराटपर्वात सांगितले आहे. कीचकाचा वध त्यानंतरचा. महाभारतकारांना रडणाऱ्या भीमाच्या हातून कीचक मारला जाणे यात काही विसंगत वाटले नाही. वाल्मीकींचा रामही सीतेसाठी झाडांना विचारत रडत फिरतो. आणि आपल्या विदर्भाचा जावई नल हा तर पाककलेसाठीच प्रसिद्ध आहे. रूप पालटलेल्या नवऱ्याला दमयंतीने ओळखले त्यात त्याने शिजवलेल्या अन्नाच्या चवीचा वाटा होता. तिच्या वडिलांचे, विदर्भराजाचे, नावही भीमच होते, हे जाता जाता सांगते, कारण मुलांना असे योगायोग फार आवडतात.

आता देशी कार्टूनकडे या. 'छोटा भीम' ही हैदराबादच्या ग्रीन गोल्ड या संस्थेची मालिका २००८ पासून दाखवली जाते आणि खेड्यातल्या मुलांनाही त्यातले ढोलकपूर हे गाव आपल्या शेजारच्या गावासारखे माहीत असते. तिचे गुण मी मान्य करते. भीमाचे बळ बहुधा दुसऱ्याच्या मदतीसाठी खर्च होते, आणि त्याच्या टोळीत मुलगी, लहान मूल आणि माकड यांना बरोबरीची जागा आहे. तरीही तिथे भीम लाडू खातो आणि टुनटुन मावशी ते करते, संकट बहुतेक वेळा ठोशाने मिटते, आणि हसे होते ते जाडजूड, बढाईखोर कालियाचे. बढाईला हसणे ठीकच आहे, पण त्याबरोबर त्याच्या देहालाही हसले जाते आणि वर्गातला लठ्ठ मुलगा ते ऐकत असतो. व्यासांच्या भीमाची गदा या कार्टूनने घेतली आणि त्याची पळी मागे राहिली. २००५ च्या 'हनुमान' या ॲनिमेशनपटानंतर पौराणिक कथांवरची अनेक कार्टून आली, त्यांतील पुष्कळांबाबत असेच म्हणावे लागते. हनुमंताला आपले बळ आठवत नव्हते आणि जांबवंताने ते आठवून दिले, हा कथेतील केवढा नाजूक भाग आहे! बलवान माणसालाही कोणीतरी 'तुला जमेल' असे सांगावे लागते, हे मुलाला त्यातून कळते. कार्टूनमध्ये हा भाग घाईने उरकतो, कारण पुढे समुद्र ओलांडायचा असतो.

चष्मेवाला मुलगा म्हणजे 'डोरेमॉन'मधला नोबिता. ही चित्रकथा जपानमध्ये १९६९ च्या अखेरीस सुरू झाली आणि ५० वर्षांहून अधिक काळ मुले ती वाचत, पाहत आली आहेत. नोबिता आळशी आहे, गृहपाठ टाळतो, आयत्या उपायांच्या मागे लागतो. यासाठी नातवाला टोकायचे असेल तर अवश्य टोका. मात्र २०१४ च्या 'स्टँड बाय मी डोरेमॉन' या चित्रपटातील एक प्रसंग तुम्ही स्वतः त्याच्याबरोबर पाहावा, अशी माझी विनंती आहे. नोबिताची बालमैत्रीण शिझुका हिचे लग्न त्याच्याशी ठरले आहे, आदल्या रात्री ती वडिलांजवळ मन मोकळे करते, आणि वडील तिला सांगतात की तू योग्य माणूस निवडलास, कारण दुसऱ्याच्या सुखाने सुखी होणारा आणि दुसऱ्याच्या दुःखाने दुःखी होणारा तो मुलगा आहे. मार खाणाऱ्या, नापास होणाऱ्या त्या मुलाच्या ठिकाणी एका बापाला हे दिसले. लेकीसाठी स्थळ पाहताना आपणही शेत किती, नोकरी कोणती हे विचारून झाल्यावर शेवटी हेच तर पाहत असतो.

प्रश्न : मी जिल्हा परिषद शाळेत शिक्षक आहे. शनिवारी मुलांना चित्रपट दाखवतो. 'अलादीन' दाखवल्यापासून सहावीतली मुले वर्गातल्या एका मुलाला 'जाफर' म्हणून चिडवतात. हा मुलगा अंगाने बारीक आहे, त्याला नाचाची आवड आहे आणि स्नेहसंमेलनात त्याने दंडार या लोकनाट्यातील स्त्रीपात्र केले होते. आधी त्याला 'बायल्या' म्हणत, आता नवे नाव मिळाले. चित्रपट निवडताना मी काय पाहावे?
एक शिक्षक, सिंदेवाही तालुका, जि. चंद्रपूर

उत्तर : गुरुजी, चित्रपटाच्या निवडीआधी ते नाव बंद झाले पाहिजे. चिडवणाऱ्या मुलांना सर्वांसमोर शिक्षा केली तर त्याचा राग त्याच मुलावर निघेल, म्हणून त्यांच्यातील पुढाकार घेणाऱ्या एकदोघांशी स्वतंत्र बोला, आणि त्या मुलाला एकट्याला गाठून सांगा की ही थट्टा तुम्हाला दिसली आहे आणि ती तुम्हाला मान्य नाही. मोठ्या माणसाला आपले दुःख दिसले आहे, एवढे कळले तरी मुलाला धीर येतो.

जाफरचे नाव मुलांना सहज सुचले, कारण चित्रपटानेच त्यांच्या हाती ते दिले होते. ॲनिमेशनमध्ये पात्र पडद्यावर आल्यापासून काही क्षणांतच प्रेक्षकाला त्याचा स्वभाव कळावा लागतो, म्हणून चित्रकार आकारातून बोलतो. रुंद छाती आणि चौकोनी जबडा दिसला की माणूस भरवशाचा, लांबट आणि टोकदार चेहरा दिसला की कपटी. या सोयीच्या भाषेत एक वाईट खोड मिसळली, ती अशी की दुष्ट पुरुष हा नाजूक, नटवा आणि बायकी हावभावांचा दाखवायचा. १९५३ च्या 'पीटर पॅन'मधील कॅप्टन हुकच्या बाह्यांना लेस आहे. १९९२ च्या 'अलादीन'मधील जाफर काटकुळा आहे, त्याचे डोळे रंगवल्यासारखे आहेत. १९९४ च्या 'द लायन किंग'मधील सिंबाचा काका स्कार आपल्या भावापेक्षा किडकिडीत असून पंजा लोंबता ठेवून, शब्द लांबवत बोलतो, आणि १९९५ च्या 'पोकाहॉन्टस'मधील गव्हर्नर रॅटक्लिफच्या वेण्यांना चक्क फिती बांधलेल्या आहेत. यांतले एखादे पात्र सुटे पाहिले तर त्यात काही गैर वाटत नाही, आणि चित्रकारांचे कसब तर वाखाणण्यासारखे आहे. परंतु मूल एकामागून एक असे चित्रपट पाहते, आणि जो पुरुषासारखा चालत-बोलत नाही तो आतून लबाड असतो, असा समज त्याच्या मनात कोणीही न सांगता तयार होतो. तुमच्या वर्गात शिवी आधीपासून होती. तिला चेहरा मिळाला.

याच डिस्ने स्टुडिओने 'अलादीन'च्या आदल्या वर्षी, १९९१ साली, नेमका उलटा चित्रपट केला होता. 'ब्यूटी अँड द बीस्ट'मधील गॅस्टन देखणा, पिळदार आणि शिकारी आहे. तो पाच डझन अंडी खातो, भिंतीवर शिंगे टांगतो, आणि सारे गाव त्याचे गाणे गाते. हाच त्या चित्रपटाचा खलनायक आहे. तो नायिका बेल हिचे पुस्तक चिखलात टाकतो, बाईने वाचणे बरे नव्हे असे तिला सुनावतो, आणि ती नकार देते तेव्हा गावाला मशाली देऊन चिथावतो. विशेष म्हणजे गॅस्टन, जाफर आणि स्कार या तिघांच्याही रेखाटनाची प्रमुख जबाबदारी अँड्रियास डेजा या एकाच ॲनिमेटरकडे होती. म्हणजे दुष्टपणाला रुंद छातीही देता येते, हे त्या हाताला ठाऊक होते. हा चित्रपट दाखवताना एक काळजी मात्र घ्या. त्यातील राक्षसरूपी राजपुत्र आरंभी बेलला कोंडून ठेवतो, तिच्यावर ओरडतो, आणि पुढे तिच्या सहवासात सुधारतो. त्यावरून रागीट नवऱ्याला बाईने सोसून सुधारावे असा अर्थ मुली घेऊ शकतात. तो तिला जाऊ देतो तेव्हाच खऱ्या अर्थाने बदललेला असतो, हे वर्गात बोलून घ्या.

वर्गात करण्याजोगे मला जे जमले ते सांगते. चित्रपटाचा सुरुवातीचा भाग आवाज बंद करून दाखवा आणि केवळ आकार पाहून चांगला कोण, वाईट कोण, हे मुलांना वहीत लिहू द्या. बहुतेक मुले गॅस्टनला नायक ठरवतात. चित्रपट संपल्यावर तीच वही उघडायला सांगा. त्यानंतर शांतता पसरते ती मी अनेकदा अनुभवली आहे.

नृत्याची आवड असलेल्या मुलासाठी २००६ चा 'हॅपी फीट' दाखवा. त्यातला पेंग्विन गाऊ शकत नाही, पायांनी ताल धरतो, आणि त्याचा बापच त्याला सांगतो की हे पेंग्विनाला शोभत नाही. ज्या एम्परर पेंग्विनांवर तो बेतला आहे त्यांच्यात नर पेंग्विन अंटार्क्टिकाच्या हिवाळ्यात सुमारे दोन महिने अंडे पायांवर तोलून, काहीही न खाता, उबवतो. चित्रपटाच्या आरंभी हे दिसते, तिथे थांबून मुलांना जरूर सांगा. २०१० चा 'हाऊ टू ट्रेन युअर ड्रॅगन' मला याहूनही जवळचा वाटतो. हिकप हा सरदाराचा किडकिडीत मुलगा ड्रॅगन मारू शकत नाही, कारण बांधलेल्या ड्रॅगनच्या डोळ्यांत त्याला आपल्यासारखीच भीती दिसते. बाप त्याला 'तू माझा मुलगा नाहीस' इथपर्यंत बोलतो आणि नंतर त्या शब्दांबद्दल पस्तावतो. नायक शेवटी एक पाय गमावतो, आणि चित्रपट त्याला त्यासाठी दयेचा विषय करत नाही.

आणि गुरुजी, तुम्ही तर झाडीपट्टीत, पूर्व विदर्भातील लोकनाट्याच्या मुलखात आहात. लुगडे नेसून उभ्या राहिलेल्या पुरुष नटाला मंडईच्या जत्रेत रात्री पहाटेपर्यंत पाहणारी माणसे तुमच्या मुलांच्याच घरांत आहेत. दंडारीत स्त्रीपात्र केलेला एखादा वृद्ध कलावंत गावात किंवा शेजारी असेल, त्याला शनिवारी वर्गात बोलवा आणि त्या मुलाला त्याच्या शेजारी बसवा. ते काम किती कठीण असते, लुगडे सावरत पाय कसा टाकावा लागतो, हे त्यांच्याच तोंडून ऐकल्यावर चिडवणाऱ्या मुलांना काही शिकवावे लागेल असे मला वाटत नाही.

प्रश्न : मी नववीत आहे. आमच्या वर्गातील मुले शिनचॅनच्या आवाजात मुलींना काहीबाही बोलतात. आम्ही रागावलो की "कार्टून आहे, मजाक आहे" म्हणतात. सर पण हसतात. आम्ही काय करावे?
एक विद्यार्थिनी, आर्वी तालुका, जि. वर्धा

उत्तर : बाळ, तुझा राग योग्य आहे. शिनचॅन हा पाच वर्षांचा मुलगा तरुण मुलींच्या मागे लागतो आणि मालिका आपल्याला त्यावर हसायला लावते. 'डोरेमॉन'मध्येही नोबिता शिझुकाच्या न्हाणीघरात वारंवार अवचित पोहोचतो आणि तिची फजिती हा विनोद म्हणून दाखवला जातो. दुसऱ्या बाबतीत या मालिका चांगल्या असल्या तरी इथे त्या चुकल्या आहेत, असे मी स्पष्ट म्हणते. मुलीचा संकोच ही हसण्याची जागा नव्हे, आणि चौदा-पंधरा वर्षांच्या मुलांना पाच वर्षांच्या पात्राची सबब सांगता येत नाही. तुम्ही मुली एकट्या-एकट्या न बोलता तीन-चारजणी मिळून मुख्याध्यापकांकडे किंवा विश्वासाच्या बाईंकडे लेखी तक्रार द्या, त्यात कोणते शब्द वापरले गेले ते जसेच्या तसे लिहा, आणि घरी आईलाही सांगा. शाळेत तक्रारपेटी असेल तर तिचाही उपयोग करा. सर हसले, हेही त्यात लिहायला घाबरू नका.

प्रश्न : मी पुण्याजवळ एका कंपनीत कामाला आहे, घरी वर्षातून दोन-तीनदा येतो. मुलगा नऊ वर्षांचा आहे. मी आलो की तो माझ्याशी चार शब्दही बोलत नाही, मोबाइलमध्ये कार्टून पाहत बसतो. मोबाइल हिसकावण्यापेक्षा त्याच्याबरोबर काहीतरी पाहावे असे वाटते. होळीला येणार आहे. काय पाहू?
एक वडील, पवनी तालुका, जि. भंडारा

उत्तर : भाऊ, हिसकावण्याचा विचार तुम्ही सोडलात, हे फार चांगले केले. तुमच्या वयाच्या लोकांना रविवारी सकाळी दूरदर्शनवर लागणारी मोगलीची जपानी मालिका आठवत असेल. ती आपल्याकडे १९९३ साली सुरू झाली होती. तिथूनच आरंभ करा, कारण ती तुमच्या बालपणाची गोष्ट आहे आणि तुमच्या नदीचीही. किपलिंग यांच्या 'द जंगल बुक' या १८९४ च्या पुस्तकात मोगलीचे जंगल शिवनीच्या डोंगरांत आहे आणि त्यातून वाहणारी नदी म्हणजे आपली वैनगंगा, जी शिवनीकडून निघून तुमच्या पवनीवरून पुढे जाते. मोगलीला वाढवणारे बघीरा आणि बल्लू हे दोघेही नर आहेत. एक शिस्तीचा, दुसरा लाडाचा, आणि लेकरू कोणाचे ऐकेल यावरून दोघांत कुरबुर होते, अगदी घरच्यासारखी. बापपण असे दोन स्वभावांत वाटलेले पाहणे मुलांना आवडते.

होळीच्या सुट्टीसाठी मात्र मी २००३ चा 'फाइंडिंग नेमो' सुचवीन. मार्लिन या लहानशा माशाची बायको आणि जवळजवळ सगळी अंडी एका हल्ल्यात जातात, एकच पिल्लू वाचते, त्याचाही एक पर अपुरा असतो. बाप इतका घाबरलेला की तो पिल्लाला कुठेच एकटे जाऊ देत नाही, आणि त्या अतिकाळजीला वैतागून पिल्लू दूर पोहत जाते, पाणबुड्याच्या हाती लागते. मग हा भित्रा बाप अख्खा समुद्र ओलांडतो. वाटेत तो जिच्या मदतीवर चालतो ती डोरी सारखी विसरणारी आहे, आणि तिच्यावर विश्वास ठेवायला शिकणे हाच त्याच्या शौर्याचा मोठा भाग आहे. मुलापासून दूर असलेल्या बापाला हा चित्रपट जड जाईल, हे आधीच सांगून ठेवते.

घरात मुलगीही असेल तर १९८८ चा जपानी 'माय नेबर टोटोरो' तिघांनी मिळून पाहा. आई दवाखान्यात आहे, वडील दोन मुलींना घेऊन खेड्यात राहायला आले आहेत. धाकटी सांगते की तिला झाडापाशी एक मोठा प्राणी भेटला. तो पुन्हा सापडत नाही म्हणून ती हिरमुसते, तेव्हा वडील तिला म्हणतात की तू खोटे बोलत नाहीस, आणि दोघींना त्या जुन्या झाडाजवळ नेऊन झाडाला नमस्कार करतात. संपूर्ण चित्रपटात हा बाप कोणाला मारत नाही, कोणाला जिंकत नाही.

पाहताना मोबाइल मुलाच्याच हातात राहू द्या आणि तुम्ही त्याच्या बाजूला टेकून बसा, त्याच्यासमोर नको. चित्रपट संपल्यावर यातून काय शिकलास, असे विचारू नका. शाळेत त्याला दिवसभर तेच विचारले जाते. त्याऐवजी पुण्याला गेलात ती पहिली रात्र खोलीवर कशी काढली, काय खाल्ले, कशाची भीती वाटली, हे त्याला तुम्हीच सांगा. तो मोबाइलकडे पाहत राहिला तरी सांगत राहा, तो ऐकत असतो.